पंपघराच्या फाटकावरील फलक पुसण्यास नकार व तो खाली उतरविण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता साहेब,
पाणी उपसा विभाग,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

अर्जदार : लाँड्रीवाला, पंपघराच्या मागची गल्ली, खोलगट वस्ती.

विषय : पंपघराच्या फाटकावरील सुरक्षा फलकावर बसणारी काजळी माझ्या लाँड्रीने नियमित पुसावी या आपल्या सूचनेस नकार, आणि तो फलक उतरविण्याची विनंती.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे 'फलकाची स्वच्छता राखणेबाबत' हे पत्र. (पत्रावरील जावक क्रमांकावर पहारेकऱ्याचा तेलकट अंगठा उमटला आहे. क्रमांक वाचता येत नाही, तरी क्षमस्व.)

महोदय,

१. ज्या वर्षी माझ्या भाचीला पहिली मुलगी झाली, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात आपल्या विभागाने आमच्या पंपघराला नुसते डिझेल देणे बंद केले आणि त्यात स्वस्तातले जड तेल मिसळून पाठविण्यास सुरुवात केली. माझ्या अर्जाचे कारण तिथून सुरू होते, म्हणून मीही तिथूनच लिहितो. एकदम फलकावर आलो तर आपण म्हणाल, एका पत्र्याच्या तुकड्याचे म्हाताऱ्याला एवढे काय लागले.

२. माझी लाँड्री पंपघराच्या मागच्या भिंतीला लागून आहे. दवाखान्याच्या चादरी धुण्याचे काम माझ्याकडे आहे. शेजारच्या दोन खोल्यांत माझी धाकटी बहीण राहते. तिचे यजमान, म्हणजे माझे मेहुणे, आपल्या पंपघराचे इंजिनचालक होते. वस्तीत लहानथोर त्यांना पंपमामा म्हणत. आमची वस्ती भोवतालच्या रस्त्यांपेक्षा खाली आहे. सांडपाणी आपल्या पायाने बाहेर जात नाही. पंपघरातले डिझेल इंजिन ते उपसून वरच्या नाल्यात टाकते, तेव्हा आम्ही कोरडे राहतो. इंजिन थांबले की आमच्या न्हाणीच्या भोकातून दुसऱ्याच्या घरचे पाणी वर येते. आपण दुसऱ्या मजल्यावर बसता, म्हणून हे सांगितले.

मला अक्षरे उशिरा आली. केस पांढरे होईपर्यंत मी कपड्यांवरच्या खुणा ओळखत असे, नावे नव्हे. पाणी उतरण्याची वाट पाहत बसलेले असताना मेहुण्यांनी पंपघराच्या फरशीवर खडूने मला अक्षरे शिकविली. पहिला शब्द 'तेल', दुसरा 'पाणी', कारण ते दोन्ही समोरच्या टाक्यांवर रंगवलेले होते. तेव्हा या अर्जात काही चुका असल्यास त्या माझ्या आहेत आणि जे बरोबर आहे ते त्यांचे आहे.

३. नव्या तेलाचा पहिला टँकर आला तेव्हा मी तिथे होतो. पूर्वीचे डिझेल हातावर घेतले तर बोटांमधून पळून जाई. हे बोटांना धरून लोंबत राहिले. वास असा, की डांबरात नासकी अंडी फोडावीत. पंपघराचा फिटर पिंपात वाकून म्हणाला, "मामा, इंजिनाला सर्दी झालीय का? साहेबांनी काढा पाठवलाय." मेहुणे म्हणाले, "काढा निदान गाळून देतात."

तेव्हा जड तेलाचे प्रमाण पाव हिस्सा होते आणि दिवस उन्हाचे होते. ऊन असले की जड तेलही शहाण्यासारखे वागते. इंजिन थोडे खोकले, धूर थोडा वाढला, पण चालले. ते चालले म्हणून पावसाळ्यानंतर आपण प्रमाण निम्म्यावर नेले.

४. ते इंजिनात गेल्यावर काय होते हे मी माझ्या डोक्याने लिहीत नाही. आपल्याच खात्यातील तपासणीच्या इंजिनिअर बाई आल्या होत्या, त्यांनी सांगितले. त्यांनी तेलाचा फवारा मारणारी तोंडे, ज्यांना नोझल म्हणतात, ती काढून घेतली. टोकाशी कोळशाची काळी फुले धरलेली होती. मग त्यांनी कोरा कागद समोर धरून हाताच्या पंपाने फवारा मारून दाखविला. स्वच्छ डिझेलचे धुके उडाले आणि कागद सगळीकडून सारखा ओलावला. मिश्रणाच्या पिचकाऱ्या उडाल्या आणि कागदावर टपोरे थेंब पडले.

मी म्हटले, बाई, हे मला कळते. इस्त्रीआधी आम्ही कपड्यावर पाणी शिंपडतो. बारीक शिंपडले तर कापड सारखे वाफाळते. थेंब पडले तर वरून सुकते, आत ओले राहते, आणि चट्टा उमटतो. त्या हसल्या आणि म्हणाल्या, अगदी तसेच, आजोबा. मोठा थेंब बाहेरून जळतो आणि त्याच्या पोटात कोळसा राहतो. शिवाय जड तेल पेट घ्यायला वेळ लावते. तेवढ्यात मागचे आणखी तेल आत येते, आणि मग साचलेले सगळे एकदम भडकते. इंजिन हातोडा मारल्यासारखे ठोके देते ते त्यामुळे. उरलेले तेल आपली वेळ टळून गेल्यावरही जळत राहते, आणि जळतजळतच धुराच्या पाईपात शिरते.

जड तेलाची त्यांना घृणा नव्हती. मोठ्या जहाजांची इंजिने तेच खातात, असे त्या म्हणाल्या. पण ती इंजिने संथ असतात, आणि तेल आधी तापवून पातळ करतात, गाळतात, त्यातले पाणी काढतात, मग देतात. आमचे इंजिन चपळ, लहान, दिवसातून अनेकदा बंद-चालू होणारे. त्याला थंड, न गाळलेले जड तेल पाजणे म्हणजे काय हे सांगताना त्यांनी पाईपावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. त्यांचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात: "जे आत जळायला हवं ते बाहेर जळतंय. आत काजळीचा थर बसलाय. हा पाईप एक दिवस पेटेल."

त्यांनी तसे लिहून दिले. तेल तापविण्याची सोय करा आणि गाळणी द्या, नाहीतर साधे डिझेल द्या, एवढेच मागितले. उत्तर आले की तापविण्यास वीज लागेल आणि विजेचा खर्च धरला तर बचत दिसणार नाही. पुढे बाईंची बदली नकाशांच्या विभागात झाली. तिथे इंजिन नाही.

५. आता काजळीबद्दल. मी जन्मभर घाण धुतली आहे. दवाखान्याच्या चादरींवर काय काय असते ते मी लिहीत नाही, आपली जेवणाची वेळ असेल. मला त्याची कधी किळस आली नाही, कारण ते माणसाचे होते आणि पाण्याने जात होते. या काजळीची मला किळस येते. लाकडाची किंवा कोळशाची काजळी झटकली की पडते. ही तेलकट आहे. झटकली तर पसरते, चोळली तर आत शिरते, धुतली तर चादर राखाडी होते आणि पुढच्या धुण्यातही तिचा वास येतो. ती दोरीवर बसते, चिमट्यांवर बसते, पाण्याच्या टाकीवर तिची साय धरते. नाकात बोट घातले तर बोट काळे निघते. भाची मुलीला घेऊन माहेरपणाला आली तेव्हा सकाळी त्या तान्हीच्या पापण्यांवर काळे बसलेले होते, आणि मायलेकींना परत पाठवावे लागले.

मी तक्रार केली. आपल्या भांडारप्रमुखांनी उत्तर दिले की धुराड्याच्या दिशेस कपडे वाळत घालू नयेत. मी लेखी विचारले की वारा कोणत्या दिवशी कोणत्या दिशेने वाहणार ते कार्यालयाने आधी कळवावे. यावर उत्तर आले की विषय या विभागाच्या अखत्यारीत नाही. एवढे एकच उत्तर मला पटले.

६. इंजिनवाल्यांची एक रीत होती. जड तेलावर चालविलेले इंजिन थांबविण्याआधी थोडा वेळ ते स्वच्छ डिझेलवर चालवायचे, म्हणजे नळ्या आणि नोझल आतून धुऊन निघतात आणि थंड झाल्यावर काही गोठत नाही. याला ते 'इंजिन धुणे' म्हणत. मेहुणे मला चिडवीत, "दादा, आता आपण दोघं एकाच धंद्यातले. फक्त माझं गिऱ्हाईक मेलं कधी तक्रार करत नाही." यासाठी स्वच्छ डिझेलचे एक पिंप वेगळे ठेवलेले असे.

थंडी सुरू होताना आपल्या कार्यालयाने ते पिंप परत मागविले. कारण असे लिहिले होते की इंजिन थांबविण्यासाठी इंधन लागते हे समजण्यासारखे नाही.

त्यानंतर रोज सकाळी नळ्यांत शेवाळासारखा काळा चीक धरलेला असे. फिटर तो तारेने ओढून काढी आणि भांडारप्रमुखांचे नाव घेऊन जमिनीवर आपटी. भांडाराने मध्येच दुसऱ्याच ठिकाणचे जड तेल आणून जुन्यात ओतले, तेव्हा ती दोन्ही एकमेकांना मानवली नाहीत आणि टाकीच्या तळाशी गाळाची खीर झाली. मिश्रण थंड झाले की नळीतून हलेना. इंजिन फिरे, धापा टाकी, पांढरा धूर सोडी, पेट घेत नसे. तोपर्यंत आमच्या न्हाणीतून पाणी वर आलेले असे. माझी बहीण सकाळी पलंगाखाली पाय टाकी तो घोटाभर घाणीत. त्या पाण्यात काय तरंगत होते हे तिने एकदा आपल्या कार्यालयात येऊन सांगितले. कारकुनाने तिला लेखी द्या म्हटले. तिला लिहिता येत नाही, आणि मी लिहिले असते तर मला ते शब्द लिहिण्याची लाज वाटली असती.

लोक दारावर येऊन आपल्याला शिव्या देत नव्हते, साहेब. मेहुण्यांना देत होते. "काय पंपमामा, आज इंजिनाचा मुहूर्त कधीचा?" असे विचारीत. तेही हसून म्हणत, "ती रुसलीय. तिला पांघरूण हवंय."

ते खरोखरच पांघरूण घालू लागले. इंजिन थांबविले की वरच्या लहान टाकीत तेल अजून कोमट असे. ती ऊब सकाळपर्यंत टिकावी म्हणून त्यांनी टाकीला आणि नळीला रजया गुंडाळल्या. आधी बहिणीच्या घरच्या दोन, मग माझ्या लाँड्रीत गिऱ्हाइकांनी सोडून दिलेल्या. त्या मी दिल्या. मागितल्या नव्हत्या तरी दिल्या, आणि अजून लागल्या असत्या तर अजून दिल्या असत्या. त्या महिन्यात बहीण कपड्यांवर कपडे घालून झोपली. पण इंजिन रोज चालू झाले. वस्ती कोरडी राहिली. आपल्या कार्यालयात त्या महिन्यात आमच्या वस्तीतून एकही तक्रार आली नाही, हे आपण तपासून पाहावे.

चूक कुठे होती तेही लिहितो, कारण लपविण्यासारखे त्यात काही नाही. टाकीची तोटी थेंबथेंब गळत असे. रजया ते तेल पीत राहिल्या. आणि धुराचा पाईप तिथून हातभर अंतरावर होता. इंजिन चालू असताना रजया काढून ठेवाव्यात हे मेहुण्यांना माहीत होते. पण त्या दिवसांत एवढी थंडी होती की चालू असतानाही नळी गारठून इंजिन दम सोडी, म्हणून त्या राहू दिल्या. पांघरुणावाचून इंजिन झोपते आणि पांघरुणाने पेटते, अशी ती गत होती. यात तिसरा मार्ग आपल्याकडे परत गेलेल्या पिंपात होता.

७. बुधवारी सकाळी, इंजिन पुऱ्या ओझ्यावर चालू असताना, पाईपात साचलेल्या काजळीने आतून पेट घेतला. बाईंनी सांगितले होते ते हेच. फिटर म्हणतो, पाईप आधी लाल झाला, मग जोड फुटला आणि त्यातून झोत आला. रजयांनी तो धरला. फिटर आणि मेहुणे दोघेही बाहेर पळाले होते. मेहुणे परत आत गेले, कारण मोठ्या टाकीची तोटी उघडी होती आणि ती पेटली असती तर मागच्या भिंतीसकट माझी लाँड्री आणि तिच्या पलीकडची बिऱ्हाडे गेली असती. आपल्या चौकशी अहवालात एक ओळ आहे: 'मुख्य टाकीची तोटी बंद आढळली.' ती कोणी बंद केली हे अहवालात नाही. तोट्या आपोआप बंद होत असाव्यात, असे कोणी वाचणारा समजेल.

दवाखान्यात ते चार दिवस होते. मी गेलो तेव्हा त्यांचा चेहरा तेवढा ओळखू येत होता. अंगाखाली माझ्याच लाँड्रीची चादर होती. त्यांनी ती पाहिली आणि मला म्हणाले, "पांढरी आहे, दादा. कुठं वाळवली?" मी म्हटले, नेहमीच्याच दोरीवर. बुधवारपासून इंजिन बंद होते, धूर नव्हता, म्हणून ती पांढरी होती. त्यांना ते कळले असावे. बहिणीला एवढेच सांगितले की निळी रजई त्यांनी नेली नव्हती, ती कपाटात वरच्या फळीवर आहे. ती मुलीच्या लग्नातली होती.

८. त्यानंतर आपल्या कार्यालयाने जे केले ते क्रमाने लिहितो.

प्रथम बहिणीला नोटीस आली, की जळालेली पांघरुणे कार्यालयाची मालमत्ता होती की खाजगी, याचा खुलासा पुराव्यासह करावा. ती कारकुनासमोर उभी राहिली आणि म्हणाली की एकीला मागच्या बाजूने तिने स्वतः ठिगळ लावले होते, ते पाहा. कारकून म्हणाला, पांघरूण हजर करा. ती म्हणाली, राख आणू का?

मग अहवाल आला, की चालकाने घरगुती वस्तू इंजिनघरात आणल्या आणि त्याच्या निष्काळजीपणामुळे आग लागली. त्यात जड तेलाचा उल्लेख नाही. इंधनासमोर 'मान्यताप्राप्त' असा शब्द आहे.

मग हुकूम निघाला, की यापुढे पंपघरात 'पांघरुणे' आणण्यास मनाई आहे.

आणि मग त्याच महिन्यात आपल्या विभागाला इंधन बचतीबद्दल वरून शाबासकी मिळाली. ज्या पंपघरात सर्वात जास्त बचत झाली त्याच्या चालकाचा गौरव करायचा ठरले, आणि ते पंपघर आमचे निघाले. ही बचत कशी झाली हे मी फिटरला विचारले. तो म्हणाला, इंजिन बंद पडलेले दिवसही बचतीत धरलेत. बंद इंजिन काही पीत नाही, हे खरेच आहे. आज आपल्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्यासमोर, मेहुण्यांचा फोटो चौकटीत लावलेला आहे आणि खाली लिहिले आहे 'इंधन बचतीतील मोलाचा वाटा'. मागच्या आठवड्यात आलो तेव्हा मी तो वाचला. आपल्या शिपायाने मला तिथे उभे राहू नका म्हटले, रस्ता अडतो.

तोच फोटो, साहेब, फाटकावरच्या फलकावर आहे. सुरक्षा सप्ताहात फीत कापून लावला. त्यावर लिहिले आहे: 'निष्काळजीपणा जिवावर बेततो. या चालकासारखे वागू नका.' ओळखपत्रासाठी काढलेला फोटो आहे तो. त्यातल्या सदऱ्याची कॉलर मी इस्त्री करून दिली होती. वरच्या मजल्यावर त्या कॉलरसाठी शाबासकी आणि खाली फाटकावर तिच्यासाठी जोडे. एकाच कार्यालयाची दोन तोंडे, आणि दोघांनी एकच माणूस खाल्ला.

९. आता ज्या कारणाने हा अर्ज करावा लागला ते.

माझी बहीण सकाळी भाजी आणायला त्या फाटकावरून जाते. तिला वाचता येत नाही. तिला वाटले की कार्यालयाने तिच्या नवऱ्याची आठवण ठेवली. लोकांनी टाळ्या वाजविल्याचे तिने ऐकले होते. म्हणून ती रोज घरून ओले फडके घेऊन जाई आणि त्यांच्या तोंडावर बसलेली काजळी पुशी. आधी हलक्या हाताने कोरड्या फडक्याने टिपायचे, मग ओले लावायचे, चोळायचे नाही, हे मी तिला कधीतरी चादरींसाठी शिकविले होते. वस्तीतल्या वाचणाऱ्यांपैकी कोणी तिला काही सांगितले नाही. तिला पुसताना पाहून लोक मान खाली घालून जात. त्यांना मी दोष देत नाही.

मेहुणे गेल्यापासून मी त्या अंगाने जाणे सोडले होते. पाऊस संपल्यावर एकदा तीच म्हणाली, "दादा, तुला वाचता येतं ना? चल, काय लिहिलंय ते वाच मला. रोज पुसते, पण काय पुसते ते कळत नाही."

मी तिथे उभा राहिलो. वरची ओळ मनात वाचली, खालची वाचली. एकदा वाटले, दुसरेच काही वाचून दाखवावे. पण ज्या माणसाने मला अक्षरे दिली त्याच्याच फोटोसमोर उभे राहून खोटे वाचणे मला जमले नाही. जसे होते तसे वाचले.

ती रडली नाही. हातातल्या फडक्याची घडी घातली, आणि मला विचारले, "मग दादा, आता पुसू का नको?"

त्या दिवसापासून तिने पुसणे सोडले. त्या दिवसापासून फलक काळा पडू लागला. फलक लावल्यापासून इतके महिने तो स्वच्छ कसा राहिला, याचा आपल्या कार्यालयात कोणी विचार केला होता काय? आपल्या तपासणी अधिकाऱ्याने मध्यंतरी 'फलकाची निगा उत्तम' असा शेरा दिला, असे पहारेकरी सांगतो. ती निगा आपली नव्हती.

१०. आणि आता आपले पत्र. त्यात आपण लिहिता की काजळीमुळे फलकावरील चेहरा व मजकूर नीट दिसत नाही, त्यामुळे सुरक्षेचा संदेश पोचत नाही, सबब जवळच्या लाँड्रीने तो दर आठवड्यास पुसावा. कोणत्या द्रावणाने पुसावा हेही मी कळवावे, अशी विचारणा आहे.

विचारले आहे म्हणून धंद्याला धरून उत्तर देतो. ही काजळी निघते, कारण ती आपल्याच इंजिनाची आहे आणि मी तिला ओळखतो. साबणाच्या पाण्याने वरची निघेल, मुरलेली निघणार नाही. मुरलेली फक्त रॉकेलच्या फडक्याने निघते. पण रॉकेल लावले तर फोटोचा रंगही सुटतो. अक्षरे पक्क्या रंगाची आहेत, ती राहतील. म्हणजे दोन-चार वेळा पुसले की चेहरा जाईल आणि 'निष्काळजीपणा' राहील. आपल्याला असे हवे असल्यास हे काम दुसऱ्या कोणाकडून करून घ्यावे. मी करणार नाही. माझ्या नोकराला करू देणार नाही. माझ्या बहिणीने तर केलेच, फुकट, प्रेमाने, आणि आपण तिला काय पुसायला लावले ते तिला ठाऊक नव्हते.

११. थंडी पुन्हा सुरू झाली आहे. टँकर तोच येतो. स्वच्छ डिझेलचे पिंप परत आलेले नाही. नवा चालक संसारी माणूस आहे, त्याला लहान पोरे आहेत. परवा मी भिंतीवरून डोकावलो तर त्याने टाकीला पोती गुंडाळलेली होती. मी म्हटले, "अरे, हे काय करतोस?" तो म्हणाला, "काका, हुकमात पांघरुणं लिहिलंय. पोती लिहिलेली नाहीत." रोज कामावर येताना त्याला फाटकावरचा आपला फलक दिसतो. म्हणजे संदेश पोचला, साहेब. त्याने पांघरूण घेतले नाही.

१२. तरी माझी विनंती एकच आहे. तो फलक उतरवावा. शाबासकीची चौकट ठेवायची की काढायची ते आपण ठरवा, तिथे माझी बहीण येत नाही. फाटकावरून तिला रोज जावे लागते. दुसऱ्या वाटेने जा असे मी तिला म्हटले होते. ती म्हणाली, मी का वाट बदलू, मी काय केलंय.

फलकाची जागा रिकामी ठेवणे आपल्या नियमात बसत नसल्यास, तिथे लावावयाचा मजकूर मी सोबत जोडला आहे. तो मी स्वतः लिहिला आहे आणि बहिणीला वाचून दाखविला आहे. तिने त्यातला एक शब्द बदलायला सांगितला, तो बदलला. आपण हाच मजकूर लावला, तर तो पुसण्याचे काम करायला ती तयार आहे.

आपल्या पायरीवर अजून नम्रपणे उभा असलेला,

(सही)
लाँड्रीवाला
दि. १२ डिसेंबर

सोबत :
(१) आपले मूळ पत्र, परत.
(२) काजळी बसलेल्या पांढऱ्या चादरीचा तुकडा, एकदा धुतलेला. उघडण्यापूर्वी हाताखाली कागद घ्यावा.
(३) फलकावर लिहावयाचा मजकूर :

पंपमामा. या पंपघराचे इंजिनचालक. जड तेल मिसळलेल्या डिझेलवर इंजिन चालू ठेवताना धुराच्या पाईपाने पेट घेतला. त्यांनी आत जाऊन टाकीची तोटी बंद केली व त्यात ते भाजले. ज्या वर्षी त्यांची नात चालू लागली, त्या वर्षी आठ फेब्रुवारीस, रविवारी सकाळी, दवाखान्यात वारले.